पेडल मधोमध धरा

कनिशायचं डोकं आता पार उठलं होतं. बिश्केकच्या ट्रॉलीबस डेपोत नव्या गाड्या चालवायला शिकवायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं आणि स्टिअरिंगमागे बसले होते तुर्दुकुलबाइके (बाइके म्हणजे तिकडचं 'दादा'), जुन्या गाडीवर अख्खी हयात काढलेले. आज पास झाले नाहीत तर उद्यापासून फाटकावर राखण. हे त्यांनाही ठाऊक होतं, पण पाय ऐकेल तर शपथ. दाब, सोड, दाब, सोड. गाडी आचके देत आवारात फिरत होती.

"बाइके, पेडल मधोमध धरून ठेवा! किती वेळा सांगू?"

"मधे धरलं की वीज अडवणारे रोधक जळतात, पोरी. माझ्या उस्तादाने पायावर काठी मारून शिकवलंय."

"ते जुन्या गाडीत! तारेतली वीज कायम तेवढीच. जुनी गाडी जास्तीची वीज रोधकांत जाळायची. हिच्यात चॉपर नावाचा विजेचा स्विच आहे. तो वीज सेकंदाला शेकडो वेळा जोडतो नि तोडतो. जोडलेला वेळ वाढला की मोटर जोरात, घटला की हळू. किती हवं तेवढं पायाने सांगायचं, बस्स!"

"तोडतो, तर मग झटका का बसत नाही?"

"लगेच जोडतो ना! मोटरमधला प्रवाह थांबायला सवडच मिळत नाही. झटके तुम्ही देताय. तोडजोड त्याला करू द्या!"

बाइकेंनी समजल्यासारखी मान डोलावली. आणि पुन्हा दाब, सोड.

"उठा!" कनिशाय कडाडली. "मागे जाऊन उभे राहा."

ती स्वतः स्टिअरिंगमागे बसली आणि हुबेहूब त्यांच्यासारखी गाडी हाकू लागली. दुसऱ्याच आचक्याला बाइके दांड्यावर आपटले, तिसऱ्याला टोपी सीटखाली गेली.

"अगं ए! माणसं आहेत की बटाट्याची पोती? तुला गाडी दिली कुणी?" ते ओरडले आणि टोपी उचलता उचलता थबकले. उभ्या नोकरीत ते आपल्या गाडीत मागे कधी उभे राहिले नव्हते.

परत स्टिअरिंगमागे बसले तेव्हा त्यांचा पाय पेडलवर मधोमध टिकला. चॉपर बारीक आवाजात गुणगुणला आणि गाडी अलगद निघाली.

"पास! हेच आधी केलं असतं तर माझा घसा वाचला असता."

बाइकेंच्या चेहऱ्यावर आनंद दिसेना. "तुझी वहिनी माझ्या गाडीत कधी बसली नाही," ते म्हणाले. "बाजारातून पिशव्या घेऊन चालत यायची. पोटात ढवळतं म्हणायची. मी चारचौघांत तिला नखरेल म्हणायचो."

"मग आता बसवा की! मला काय सांगताय?" कनिशाय खेकसली आणि डॅशबोर्डवरचा त्यांचा फोन त्यांच्या हातात कोंबला.

बाइकेंनी फोन लावला. "थांब्यावर ये," ते बायकोला म्हणाले. "आणि पोटभर जेवून ये."