गुरुवारचा उपास

"दिवा लागल्यावर तुळशीले हात लावाचा नाई, मनू. झोपते ते." आईचं हे सांगणं मनकर्णाबाईंनी सासरी आल्यावरही कधी मोडलं नव्हतं. म्हणूनच शुक्रवारी सकाळी तांब्या घेऊन तुळशीपाशी आल्या आणि तिथंच थबकल्या. काल दिवा लावून भजनाला गेल्या तेव्हा तुळस भरलेली होती. आता तिची एक बाजू ओरबाडल्यासारखी दिसत होती. मागं घरात होता फक्त नितेश, त्यांचा मुलगा.

पूजा होईपर्यंत त्यांचं मौन असे. तशाच त्या त्याच्या खोलीत गेल्या. खिडकीत उदबत्तीची राख साचली होती. चादर सारखी करायला वाकल्या, तर चंदनाच्या वासाखालून दुसराच आंबूस वास आला. झोपलेल्या नितेशच्या ओठाला तुळशीचं हिरवं कातरण चिकटलं होतं.

अकरावीतला हा मुलगा दिवाळीपासून देवाला लागला, असं त्या समजत होत्या. गुरुवारी उपास धरायचा, रात्री ताटावर बसायचा नाही. खोलीत उदबत्ती लावून दार लोटून घ्यायचा. "तुयावरच गेला व भगत," म्हणून खुशालराव बायकोला चिडवायचे. ते एसटीत ड्रायव्हर. गुरुवारी त्यांचा मुक्काम तेल्हाऱ्याला. भजनमंडळात चारुशीलाबाई म्हणाल्या होत्या, "असा मुलगा मागून मिळत नाही हो." त्या दिवशी मनकर्णाबाईंचा टाळ जरा जोरातच वाजला होता.

फुटबॉल सुटला, तर गुडघा दुखतो म्हणाला. बालपणापासूनचा मित्र गौरांग येईनासा झाला. कोपऱ्यावरून कुणीतरी नुसता हॉर्न वाजवायचं. डोळे लाल, तर म्हणे जपाला बसलो होतो. प्रसाद घेताना हात लांब करायचा आणि तोंड फिरवायचा. हे सगळं त्यांनी पाहिलं होतं. वेगवेगळं पाहिलं होतं.

त्यांनी पूजा पुरी केली. एक ओळ गाळली नाही. नैवेद्यावर पान ठेवायला त्या तुळशीकडे गेल्या, पण उरलेल्यातलं एकही खुडवेना. मग वाती वळायला कापूस घेऊन बसल्या आणि मुलाला हाक मारली.

"तोंड धू. मंग बस अथी."

"काय झालं व आई? डोकं दुखून राहिलं माहं."

"तुळस कोनं ओरबाडली?"

"पूजेले घेतली मी."

"दिवा लागल्यावर?" वात वळतच त्या म्हणाल्या, "कवापासून पिऊन राहिला?"

नितेश भिंतीकडे पाहत म्हणाला, "सारेच पेतात. तो शिवम तं घरच्याईसमोर पेते."

"शिवमची माय शिवमचं पाहीन. कोठी बसता?"

"मोर्णेच्या काठाले. तू भजनाले गेली का हॉर्न वाजते."

मनकर्णाबाईंच्या बोटांतली वात तुटली. त्यांनी दुसरा कापूस घेतला.

"सोडून नाई पाह्यली?"

"एका गुरवारी नाई गेलो. पण सारं ध्यान तठीच." त्यानं हात जोडले. "बाबाले नको सांगू. मारतीन मले. शपथ घेतो ना, आजपासून बंद."

"शपथ नको घेऊ. मोडली का अजून एक खोटं बोलाव लागते." त्या उठल्या. "तेल्हाऱ्याची गाडी येईनच आता. बाबाले तू सांगशील. मी बाजूले उभी रायतो. हात उचलला तं मंधात मी आहो. अन् उद्या तिघंबी सरकारी दवाखान्यात जाऊ. तठी यासाठीचे डॉक्टर असतात."

"अन् तुया भजनवाल्या? काय म्हणतीन?"

"मीच सांगतो त्याईले. उपासाचं कौतुकही मीच सांगत होती ना. आता गुरवारी तूबी येशील मंडळात."

"मी? माहा आवाज आयकला का तू?"

"चार बेसूर आहेतच. पाचवा खपते."

तो हसला, आणि हसताहसताच रडला. त्यांनी प्रसादाची खडीसाखर पुढं केली. ती घ्यायला तो जवळ आला. तोंड फिरवलं नाही. वास अजून होता.

रोज या वेळी त्या पोथी वाचत. आज चौरंगावरची उघडी पोथी त्यांनी बांधून ठेवली, चपला घातल्या.

"चाल."

जुन्या शहरातून बसस्टँडकडे जाताना नितेश दोन पावलं मागं होता. मोर्णेच्या पुलावर हॉर्न वाजला. तो थांबला. मनकर्णाबाईंनी वळून पाहिलं नाही. फक्त चाल मंद केली, आणि तो बरोबरीला येईपर्यंत तशीच ठेवली.