कानात राहिलेली सुई

टेलरमास्तरांची बायको जाऊन तीन महिने झाले, पण त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. "माणूस आहे की दगड?" असं मेहुणी सगळ्यांदेखत म्हणाली, तर त्यांना धड रागही येईना. शेवटी लेकीने त्यांना ॲक्युपंक्चरवाल्या बाईंकडे पिटाळलं.

बाईंनी आधी जीभ बघितली, मग दोन्ही हातांची नाडी.

"झोप लागते?"

"लागते."

"भूक?"

"लागते."

"मग त्रास काय होतो?"

"काहीच होत नाही, हाच त्रास."

केसाएवढ्या बारीक सुया हातापायांत आणि कानांत गेल्या. "जड वाटेल, मुंग्या येतील. तसं झालं की सांगा," बाई म्हणाल्या. मास्तर छताकडे बघत पडून राहिले. चाळीस वर्षं सुयांशी संसार केलेल्या माणसाला सुईचं काय कौतुक! अर्ध्या तासाने बाईंनी सुया काढल्या. "एका खेपेत गुण येत नाही. पुढच्या आठवड्यात या."

घरी पाणी देताना लेक किंचाळली, "बाबा, कानात एक सुई तशीच आहे! रस्ताभर कळलं नाही तुम्हाला?"

"नाही गं."

दुकानातून सदऱ्याला अडकून आलेल्या टाचण्या बायको रोज उंबऱ्यातच काढून घ्यायची.

"तुझ्या आईला दारातच दिसली असती," मास्तर म्हणाले.

लेकीने सुई अलगद उपसली, आणि तेव्हा कुठे त्यांचा कान ठणकायला लागला.