पाठीवरची शिवण

वर्गात सगळे त्यांना मावशी म्हणायचे. बाकीचे सात जण पंचविशीच्या आतबाहेरचे आणि मावशी साठी ओलांडलेल्या. एक चष्मा नाकावर, दुसरा गळ्यात दोरीला, आणि टॅबलेट उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळून आणलेला. पहिल्या दिवशी मी विचारलं, "काय मावशी, नातवंडांसाठी शिकताय का?" त्या "नाही" म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या. मीही पुढे काही विचारलं नाही. सगळ्यांकडून प्रवेशाचा फॉर्म भरून घेतला होता, तो न वाचताच कपाटात टाकला होता.

मी पुस्तकांसाठी चित्रं काढतो. वीस वर्षं झाली, त्यातली बारा टॅबलेटवर. माझ्या चित्रातलं कापड बोटांनी चाचपून बघावंसं वाटतं, असं लोक म्हणायचे. हे ऐकून ऐकून मी चांगलाच फुगलो होतो. शनिवारी दहा ते एक, फ्रेमवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत मी वर्ग घ्यायचो. खालून खिळे ठोकल्याचा आवाज यायचा आणि भुसा थेट नाकात जायचा.

त्या शनिवारी विषय होता नक्षीदार कापड. मी मुद्दाम जपानी किमोनो निवडला होता. तो अंगावरून सरळ उतरतो, चुण्या कमी आणि सपाट जागा जास्त, त्यामुळे कापडावरची फुलं खोटी असली तर लगेच उघडी पडतात. माझी पद्धत ठरलेली होती. आधी नुसत्या करड्या रंगात घड्या आणि सावल्या. मग वेगळ्या लेअरवर, म्हणजे चित्रावरच्या पारदर्शक थरावर, फुलांची नक्षी पसरायची, ती एकेका घडीबरोबर वाकवायची, दुमडीत शिरते तिथे पुसून टाकायची, आणि शेवटी सावली पुन्हा वर आणायची. "फुलं घडीबरोबर वाहिली पाहिजेत," हे मी दर वेळी सांगायचो.

काढायची होती पाठमोरी बाई, साध्या बारीक फुलांच्या किमोनोतली. सगळ्यांची चित्रं मी एकेक करून पडद्यावर लावत होतो. मावशींचं चित्र आलं आणि मला हसू फुटलं. बाईच्या पाठीच्या बरोबर मधोमध वरून खाली एक रेघ, आणि रेघेवर येणारं प्रत्येक फूल अर्धं कापलेलं. डावीकडे अर्धी पाकळी, उजवीकडे भलतंच पान.

"मावशी, हे काय केलंत? या बाईच्या शिंप्याला डोळे नव्हते का?"

वर्ग हसला. मावशी म्हणाल्या, "तिथे शिवण आहे, सर."

"असू दे की शिवण. चांगला शिंपी डिझाइन जुळवून शिवतो."

"तसं नाही सर, ते कापडच..."

"थांबा, दाखवतो."

आणि मी लेखणी उचलून त्यांच्या चित्रावर वरून रंगवायला लागलो. चार-पाच मिनिटांत दोन्हीकडची फुलं जोडून टाकली, रेघ नाहीशी केली. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. "असं," मी म्हणालो.

मावशी पडद्याकडे बघत होत्या. "बरं," म्हणाल्या. पुढच्या शनिवारी त्या आल्या, शेवटच्या रांगेत बसल्या. त्यानंतर आल्या नाहीत.

इथपर्यंत असतं तर कदाचित मी विसरूनही गेलो असतो. पण मी ते चित्र जपून ठेवलं. पुढच्या प्रत्येक बॅचला पडद्यावर आधी मावशींचं चित्र लावायचो, मग माझं दुरुस्त केलेलं, आणि मध्ये तो शिंप्याच्या डोळ्यांचा विनोद. हमखास हशा. घरीही जेवताना बायकोला रंगवून सांगितला होता. ती म्हणाली होती, "बिचाऱ्या." मी म्हणालो होतो, "अगं, गंमत आहे."

दीड वर्षाने मला एका कादंबरीची अकरा चित्रं मिळाली. जुन्या जपानी गावातल्या एका कुंभाराच्या विधवेची गोष्ट. जवळजवळ प्रत्येक चित्रात ती बाई त्याच एका किमोनोत. मी तीन महिने त्या कापडात जीव ओतला. संपादक बाईंनी खात्री करून घ्यावी म्हणून ती चित्रं वस्त्रसंग्रहालयातल्या एका जाणकार बाईंना दाखवली. त्यांचा शेरा मला सकाळी कामाच्या टेबलावर मिळाला.

त्यांनी सभ्यपणे लिहिलं होतं. किमोनोच्या कापडाचा पन्हा हातभरही नसतो, म्हणून तो अरुंद पट्टे जोडून शिवतात. पाठीवर मधोमध शिवण येतेच. समारंभाच्या किमोनोवर चित्र शिवणीपलीकडे जुळवून रंगवतात, पण रोजच्या बारीक फुलांच्या कापडाची फुलं शिवणीवर तुटतात, तुटायलाच हवीत. "तुमच्या अकराही चित्रांत ती अखंड आहेत. त्यामुळे कापड शिवलेलं वाटत नाही, अंगावर छापल्यासारखं वाटतं."

मी ते दोनदा वाचलं. खोलीत कोणी नव्हतं, तरी मी उठून दार लोटून घेतलं.

मग मावशींची फाइल उघडली. मी वरून रंगवलेला लेअर तसाच होता. तो बंद केला आणि खाली त्यांचं चित्र जसंच्या तसं होतं. त्या दिवशी मी ते पाहिलंच नव्हतं. फुलं नुसती तुटलेली नव्हती. प्रत्येक पट्ट्यावर नक्षी वेगळ्या उंचीवर सुरू होत होती, जशी ताग्यातून कापलेल्या वेगवेगळ्या तुकड्यांवर होईल. शिवणीलगत कापड किंचित ओढलं गेलं होतं, आणि टाक्यांच्या जवळ फुलं केसभर आखडली होती. बाहीच्या तोंडाशी अस्तराची बारीक कड दिसत होती. हे सगळं त्यांनी आठवणीतून काढलं होतं आणि मी त्यावर पाच मिनिटांत रंग फासला होता.

त्याच वेळी त्यांना फोन करायला हवा होता. मी केला नाही. त्यांचं चित्र एका बाजूला ठेवलं आणि त्यावरून अकराही चित्रं सुधारली. तुटलेली फुलं, पट्ट्यांची उंची, आखडलेलं कापड, अस्तराची कड, सगळं उचललं. जाणकार बाई खूश झाल्या. संपादक बाईंनी फोनवर विचारलं, "कोणाला विचारलंत? पुस्तकात आभार मानायचे असतील तर आत्ताच सांगा."

"नाही, कोणी नाही," मी म्हणालो. "जुने संदर्भ चाळले."

पुस्तक आलं. पुस्तकांच्या दुकानात दुपारी छोटा कार्यक्रम होता, तीसेक माणसं. जाणकार बाई उठून म्हणाल्या की शिवणीवर फूल तोडण्याची हिंमत दाखवणारा चित्रकार त्यांना पहिल्यांदाच भेटला. टाळ्या झाल्या. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, नम्रपणा. बायको दुसऱ्या रांगेत होती, ती टाळ्या वाजवत नव्हती.

परत येताना सिग्नलला थांबलो तेव्हा ती म्हणाली, "त्या शिंप्याला डोळे आले वाटतं."

सिग्नल सुटला, मागच्याने हॉर्न वाजवला, तरी मला गिअर सापडेना.

"त्यांना माहीत आहे?" तिने विचारलं.

"नाही."

"मग?"

सोमवारी कपाट उघडून मावशींचा फॉर्म शोधला. पत्ता हवा होता. पत्त्याच्या वर व्यवसायाच्या रकान्यात सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'नाटक कंपनीत पोशाख शिवणे, एकतीस वर्षे. आता निवृत्त.' त्याखाली, 'वर्गाकडून अपेक्षा': 'शिवलेले पोशाख चित्रात उतरवता यावेत.' दोन वर्षं तो कागद माझ्यापासून चार पावलांवर पडून होता.

मावशी बहिणीबरोबर तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होत्या. दार त्यांनीच उघडलं. मला बघून चेहऱ्यावर राग आला नाही की आनंदही नाही. "या, सर," म्हणाल्या. खिडकीशी शिवणयंत्र होतं, त्यावर कुंड्या मांडलेल्या. माझी नजर तिकडे गेली तसे त्यांनी हात पुढे केले. दोन्ही अंगठे मुळाशी सुजून वाकडे झाले होते. "सुई धरवत नाही आता. लेखणी जाड असते, ती धरवते."

मी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. शेरा, त्यांची फाइल, मी काय काय उचललं, संपादक बाईंना काय सांगितलं. मग तो विनोदही सांगितला, कारण तो गाळून बाकीचं सांगणं म्हणजे पुन्हा तेच झालं असतं. तो सांगताना माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

मावशींनी पुस्तक उघडलं नाही. "एकदा एका प्रयोगासाठी खरा किमोनो आला होता कंपनीत," त्या म्हणाल्या. "तसा दुसरा शिवायचा होता. मी तो टाका टाका उसवला, आठ पट्टे वेगळे केले, मापं घेतली आणि परत शिवून ठेवला. उसवल्याशिवाय कळत नाही. तेच सांगत होते तुम्हाला."

"हो. मी ऐकलं नाही."

"किती जणांना दाखवलंत ते?"

"तुमची धरून तीन बॅचना. सव्वीस जण."

"त्यांना सांगितलंत, माझं बरोबर होतं म्हणून?"

"अजून नाही."

"आणि पुस्तकवाल्यांना?"

"नाही."

"मग आधी इकडे कशाला आलात?"

मी म्हणालो, माफी मागायला. त्या म्हणाल्या, "माफी इथे मागितली की फक्त मला ऐकू येणार. हसले ते सव्वीस." आणि उठून उभ्या राहिल्या. म्हणजे मी जायचं होतं.

त्या आठवड्यात मी तिन्ही बॅचना निरोप लिहिला. पहिला मसुदा लांबलचक झाला. त्यात 'गैरसमज' हा शब्द तीनदा आला होता. बायकोने वाचून परत केला. दुसरा सहा ओळींचा लिहिला: चित्र बरोबर होतं, दुरुस्ती चूक होती, मी हसलो आणि तुम्हालाही हसवलं, नंतर तेच चित्र बघून माझी चित्रं सुधारली. खाली मावशींचं मूळ चित्र, माझा लेअर काढून टाकलेलं. एकोणीस जणांनी वाचलं. चौघांनी उत्तर दिलं. एकीने लिहिलं, 'सर, तेव्हाही मला वाईट वाटलं होतं, पण बोलले नाही.' तो निरोप मी अजून पुसलेला नाही.

संपादक बाईंना फोन करून खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "पुढच्या आवृत्तीत त्यांचं नाव घालू. जाणकार बाईंना मात्र तुम्हीच कळवा." कळवलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं, त्यात मावशींचा फोन नंबर मागितला होता. माझ्याबद्दल एक अक्षर नव्हतं. तेव्हापासून त्या प्रकाशकाकडून मला नवीन काम आलेलं नाही. त्याचं कारण हेच, असं कोणी बोललं नाही आणि मी विचारलंही नाही.

महिनाभराने मी पुन्हा मावशींकडे गेलो. या वेळी पुस्तक उघडून टेबलावर होतं, पानांत दोऱ्याचे तुकडे खुणेला घातलेले. त्यांनी चौथं चित्र काढलं. "इथे हात वर केलाय तिने. बाही खांद्याला शिवलेली, तिची फुलं पाठीच्या फुलांपेक्षा आडवी फिरायला हवीत. तुम्ही माझी तशीच उचललीत. माझ्या बाईचा हात खाली होता."

बरोबर होतं. चोरलं, तेही न समजता. मी म्हणालो, "मावशी, एका शनिवारी वर्गात येऊन हे शिकवाल का? तुमच्या नावाने, पूर्ण तीन तास."

त्यांनी चष्मा बदलला. "सर, मला शिकवायचं नव्हतं हो. मला शिकायचं होतं. त्या दिवशी एक विचारायचं होतं, ते राहिलंच."

"काय?"

"रेशीम. माझं रेशीम सुतीच दिसतं. सावली देते, उजेड देते, तरी दिसतं सुतीच."

मी म्हणालो, "दाखवू?"

"माझ्या चित्रावर नको. वेगळं पान घ्या."

मी वेगळं पान घेतलं. रेशमाची चमक घडीच्या माथ्यावर नसते, माथ्याच्या किंचित खाली असते, आणि तिच्या कडा एका बाजूला धारदार, दुसऱ्या बाजूला विरत जाणाऱ्या असतात. फुलाच्या रंगातही ती थोडी शिरते, हे सांगितलं. बोलताना मला माझाच वर्गातला आवाज ऐकू येत होता, म्हणून हळू बोलत होतो. प्रत्येक वाक्यानंतर थांबत होतो, त्यांना काही म्हणायचं असेल म्हणून. वाकड्या अंगठ्यात लेखणी पकडून त्यांनी एक घडी काढली, पुसली, पुन्हा काढली. माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही, आणि ते मला सोयीचंच होतं.

आतून बहिणीने विचारलं, "कोण आलंय गं?"

मावशी जरा थांबल्या. "चित्रवाले," म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "ती विरणारी कड पुन्हा एकदा करून दाखवा."