सगळे डाव्या पायाचे

नगर परिषदेने ‘जबाबदार खरेदी’चा ठराव केला, त्या दिवसापासून खरेदी समितीच्या सभापतींची मान अशी ताठ झाली, जणू जबाबदारी हा पदार्थ त्यांनीच शोधून काढला होता. माल पर्यावरणाला जपणारा हवा, बनवणाऱ्या कामगाराला पुरती मजुरी मिळालेली हवी, आणि आलेला नग मंजूर नमुन्याशी तंतोतंत जुळायला हवा. ठराव सोन्यासारखा होता. करणारे पितळेचे होते, एवढंच.

पहिली खरेदी नालेसफाईच्या गमबुटांची. बूटवाले नमुना नेहमी एकाच पायाचा देतात. जोडी दिली की ती कुणाच्या तरी घरी चालत जाते, हा त्यांचा जुना अनुभव. समितीने तो डावा बूट हातोहात फिरवला, दाबला, हुंगला, लाखेची मोहोर लावून कपाटात ठेवला आणि पुरवठादाराला लिहिलं, ‘सर्व नग नमुन्याप्रमाणेच असावेत.’

पुरवठादाराला आज्ञाधारक व्हायला काय लागतं? कुठल्याशा कारखान्यात उजव्या पायाचा साचा बिघडला होता. डाव्यांचा ढीग त्याला मातीमोल भावात मिळाला.

गोदामाच्या किल्ल्या कमरेला खोचून फिरणाऱ्या बाईंना सगळे किल्लीबाईच म्हणत. त्यांनी खोकं उघडून एक बूट काढला, दुसरा काढला, मग दुसरं खोकं उपडं केलं. सगळे डाव्या पायाचे.

त्यांची धाकटी जाऊ नालेसफाईच्या टोळीत होती. फाटक्या बुटातून काच घुसून तिचा उजवा तळवा चिरला होता आणि उद्या पुन्हा नाल्यात उतरायचं होतं. नवे बूट पायात घालून बघायला ती लंगडतच आली होती.

“ताई, उजवा पाय सासूबाईंपाशी ठेवून येऊ का?”

“गप बस. सही मागायला येतायत.”

सभापती आले, मागोमाग पुरवठादार. उद्या वाटपाचा समारंभ, फोटोवालाही ठरलेला.

“बाई, माल मिळाला म्हणून सही करा.”

“साहेब, उजवे कुठायत?”

“नमुन्यात उजवा होता का? नव्हता. म्हणजे माल जुळतो. उजव्यांची वेगळी निविदा काढू. जबाबदारीनं.”

“आणि तोवर?”

“तोवर सवय होते. पाय लवचिक असतो.”

“मग घालून दाखवा. खिडकीपर्यंत जाऊन न लंगडता परत आलात, तर करते सही.”

शहाणा माणूस नको म्हणाला असता. सभापतींनी बूट चढवले. उजवा पाय कोंबताना डोळे पांढरे झाले, तरी गडी ताठ गेला, ताठ परत आला. खोटेपणाला एवढा कणा असतो, हे किल्लीबाई पहिल्यांदाच पाहत होत्या. शब्द दिलेला, त्यांनी पेन उचललं.

सभापती बूट काढायला बसले. डावा निघाला, उजवा निघेना. पुरवठादाराने टाच धरून ओढलं, जावेने मागून खांदे धरले. बूट जागचा हलला नाही, सभापती तेवढे लांब झाले.

“कापा,” ते कण्हले. “कात्री आणा.”

किल्लीबाईंनी पेन खाली ठेवलं. “आणते की. पण मी सही केली की बूट परिषदेचा. परिषदेची वस्तू कापायला समितीची मंजुरी लागते, आणि बैठक पुढच्या महिन्यात. तुमचाच नियम, साहेब. माल परत केलात, तर बूट या पुरवठादारांचा. यांनी तो कापावा, नाहीतर डोक्यावर घ्यावा.”

“साहेब, थोडं सोसा की,” पुरवठादार पुटपुटला.

“तूच सोस,” सभापती म्हणाले. “बाई, माल परत लिहा.”

“लिहिलं. खाली आणखी एक ओळ आहे. दोन्ही पायांचे धड बूट येईपर्यंत कुणाला नाल्यात उतरवायचं नाही, आणि पगारही कापायचा नाही.”

एरवी या ओळीवर त्यांनी तीन उपसमित्या नेमल्या असत्या. आता पायाच्या सल्ल्याने त्यांनी लगेच सही ठोकली.

किल्लीबाईंनी कात्री पुरवठादाराच्या हातात दिली. तो आपलाच बूट तोंड वाकडं करून कापू लागला. जाऊ खोक्यावर बसली, बांधलेला पाय तिने ऐसपैस लांब केला.

“सावकाश हो, दादा,” ती म्हणाली. “साहेबांना उद्या समारंभाला नसेल जायचं, पण ऑफिसला तर जायचंय. सुट्टी आम्हाला आहे.”