वळणावरचा हॉर्न

“वाजवलास! परत वाजवलास, आई!” यास्नाने कपाळावर हात मारला.

डोळ्यांवर हेडसेट असल्यामुळे ओतिलियाला लेकीचं कपाळ दिसलं नाही. तिला दिसत होतं ते वाळवंट, खाणीतून बंदराकडे उतरणारा रस्ता आणि लाल अक्षरं: विनाकारण हॉर्न. एकूण सत्त्याऐंशी गुण. अनुत्तीर्ण.

तिने हेडसेट उतरवला. जेवणाच्या टेबलाला प्लास्टिकचं स्टिअरिंग आवळून बसवलेलं होतं आणि ती जे बघायची ते घरच्यांना टीव्हीवर दिसायचं. हे सगळं खाण कंपनीने एका पेटीत घालून पंधरा दिवसांसाठी दिलं होतं. घरबसल्या ट्रक शिका, तीनदा परीक्षा द्या, नव्वद मिळवा आणि ड्रायव्हर व्हा. दोन संधी हातच्या गेल्या होत्या. तिसरी आजच द्यायची होती, कारण उद्या सकाळी कंपनीचा माणूस पेटी न्यायला येणार होता.

आणि नोकरीची गरज तर होतीच. खाणीच्या खानावळीत अकरा वर्षं भांडी घासल्यावर, महिनाअखेर खानावळ बंद, असा कागद बायकांच्या हातात पडला होता. बाकीच्या रडल्या. ओतिलियाने कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि राहिलेली पातेली घासली. रिगो गेल्यापासून चार वर्षं तिचं हे असंच होतं. काही आत जायचं नाही, काही बाहेर यायचं नाही.

रिगो, तिचा नवरा, याच रस्त्यावर ट्रक चालवायचा आणि याच रस्त्याच्या एका वळणावर ट्रकसकट दरीत गेला. तिथे त्याच्या नावाचं गुडघ्याएवढं पत्र्याचं घरकुल आहे. आत फोटो, हेल्मेट, प्लास्टिकची फुलं. अशी घरकुलं इकडच्या रस्त्यांवर जागोजाग आहेत, आणि त्यांना एक हॉर्न दिल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. ओतिलियाही रोज जुन्या गाडीतून कामावर जाताना द्यायची. कंपनीने हेडसेटमध्ये रस्ता दगडन्‌दगड उतरवला होता, घरकुल तेवढं गाळलं होतं. तरी वळण आलं की तिचा अंगठा दाबला जायचा. कंपनीच्या हिशेबी एक हॉर्न म्हणजे इंजिन सुरू, दोन म्हणजे गाडी पुढे, तीन म्हणजे मागे. चालत्या ट्रकने मयताला हॉर्न द्यावा, असं नियमात कुठे नव्हतं.

“आई, तिथे काही नाहीये गं! नुसता खडक आहे.”

“माहितीये.”

“मग अंगठ्याला चिकटपट्टी लावू का?”

“आधी स्वतःच्या तोंडाला लाव,” खिडकीपाशी बसलेली आजी म्हणाली. दोन्या एर्मिनिया, रिगोची आई, संध्याकाळच्या चहासाठी पावावर अ‍ॅव्होकॅडो कुस्करत होती. “माझ्या पोराला ओळख न देता पुढं जायचं? परक्यासारखं?”

“सासूबाई, तो तिथं नाही. ते चित्र आहे.”

“मग वाजवतेस कशाला?”

ओतिलियाने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. दोन्ही वेळा त्या वळणावर रिगो तिच्या मनातही आला नव्हता. ती गिअर बघत होती, उतार बघत होती. अंगठा आपलं काम उरकून मोकळा झाला होता. चार वर्षं दुःख केलं असेल तर ते या अंगठ्यानेच, असं वाटून तिला स्वतःची लाज वाटली.

तिने पुन्हा हेडसेट चढवला.

उतार लागला. वळण दिसायला लागलं. अंगठा आवरायचा तर तो कशासाठी आवरायचा हे आठवणं आलं, आणि मग रिगो आलाच. संत्रं सोलताना सालीची एकच लांब पट्टी काढून मिरवणारा. झोपेत गिअर बदलणारा. वळण आलं. तिने दात आवळले. खडक उजवीकडून सरकत मागे गेला, आणि खोलीत कसलाच आवाज झाला नाही.

“चौऱ्याण्णव!” यास्ना नाचायलाच लागली. “आजी, चौऱ्याण्णव! पास!”

ओतिलियाने हेडसेट काढला. डोळ्यांना हात लावून पाहिला. कोरडे होते.

म्हातारी सुनेकडे-नातीकडे न बघता उठली. या घरात पहिला कप ट्रकवर जाणाऱ्याचा असायचा. रिगो गेल्यापासून पहिला-दुसरा असं काही राहिलं नव्हतं, जिच्या हाताला जो येईल तो तिचा. म्हातारीने चहा ओतला, स्टिअरिंग कोपराने बाजूला सारलं आणि कप ओतिलियासमोर ठेवला.

“आधी तुम्ही घ्या, सासूबाई.”

“घे म्हणते ना. ड्रायव्हरला उशीर होऊन चालत नाही.”

ओतिलियाने कप दोन्ही हातांत धरला. चहात साखर होती की नव्हती, तिला कळलं नाही. पण तो संपेपर्यंत तिने कप खाली ठेवला नाही, आणि तोवर म्हातारीनेही आपल्यासाठी ओतला नाही.