फुलंब्रीच्या नकला

माझे वडील मराठीच्या परीक्षेत नापास झाले तेव्हा मी चौथीत होते. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारं. पण नानांचं सगळं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेलं, आणि पुढं तहसील कचेरीत त्यांनी सतरा वर्षं उर्दूतच लिहिलं. पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजाम गेला, हळूहळू कचेरीचा कारभार मराठीत आला. सगळ्यांना आनंद झाला, नानांनाही झाला. मग खात्यानं कारकुनांची लेखी परीक्षा घेतली. नानांचे ऱ्हस्व-दीर्घ चुकले, जोडाक्षरं मोडली. त्यांच्या उर्दू अक्षराची वकील लोक तारीफ करायचे. त्याच माणसाचं बालबोध अक्षर माझ्या पाटीवरच्यासारखं दिसायचं. दोनदा नापास झाल्यावर ते तिसऱ्यांदा बसलेच नाहीत. ज्या खुर्चीवर होते त्याच खुर्चीवरून निवृत्त झाले.

त्यामुळंच की काय, माझ्या शिकण्याचा त्यांनी ध्यास घेतला होता. मॅट्रिकनंतर स्थळं यायला लागली तेव्हा आई म्हणाली, "पोरीचं वय निघून चाललंय."

"तिचं शिकणं अर्धं राहिलं तर मला कुणाला तोंड दाखवता येणार नाही, यमुना," नाना म्हणाले. घरात त्यावर पुन्हा बोलणं झालं नाही.

एकोणीसशे सहासष्ट साली मी विद्यापीठात इतिहासाच्या एम.ए.ला नाव घातलं. औरंगपुऱ्यातून निघायचं, पाणचक्कीवरून बेगमपुऱ्यात, तिथून पुढं डोंगराच्या पायथ्यापर्यंत चालत. इमारती तेव्हा नव्या होत्या, झाडं गुडघ्याएवढी. वर्गात आम्ही नऊजण, मुली दोघी. दुसरीचं दिवाळीत लग्न झालं, मग मी एकटीच राहिले. मी मेहनत केली नाही असं मात्र कुणी म्हणू शकणार नाही. ग्रंथालय उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसायची. इंग्रजी पुस्तकं शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायची. एका पानाला कधी पाऊण तास लागायचा. मुलं कँटीनमध्ये हसत-खिदळत असायची आणि मला वाटायचं, यांना कशी फुरसत मिळते? मला मिळत नव्हती, कारण माझ्यामागं घरी एक माणूस माझ्या निकालाकडं डोळे लावून बसला होता.

दुसऱ्या वर्षाला एका विषयाऐवजी छोटा प्रबंध लिहिता यायचा. आमच्या सेलूकर सरांनी मला बोलावून घेतलं.

"फुलंब्रीला सांडू पाटलांकडं पेटीभर जुने कागद आहेत," ते म्हणाले. "गावच्या विहिरी आणि बारवा राखणाऱ्यांना इनामं दिली होती, त्याचे. आजवर कुणी हात लावलेला नाही. पण कागद शिकस्त्यात आहेत."

शिकस्ता म्हणजे उर्दूच, पण घाईनं, अक्षरं एकमेकांत मोडून लिहिलेली. चांगलं उर्दू शिकलेल्यांनाही ती लागत नाही. कचेरीत जन्म गेलेल्यालाच लागते.

"तुला वाचता येतं का?" सरांनी विचारलं.

"येतं," मी म्हणाले.

घरात येतं, एवढं खरं होतं. मला येत नव्हतं. पण 'नाही' म्हटलं असतं तर विषय दुसऱ्याला गेला असता. शिकून घेऊ, असं मी मनाशी म्हटलं.

मी नानांना हे सांगितलं. ते उठले, कोनाड्यातली दौत काढली, धुतली, उन्हात वाळत ठेवली. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांच्या चालीत लगबग दिसली. "आधी अलिफ-बे पक्कं कर," म्हणाले. "साधं अक्षर लागलं की मग शिकस्ता. चार महिने लागतील. घाई करायची नाही."

मी अकरा दिवस शिकले. बाराव्या दिवशी चाचणी परीक्षेच्या तारखा लागल्या. "नाना, तुम्हीच वाचा ना," मी म्हणाले. "मला लिहायलाच वेळ पुरत नाही."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "बरं," म्हणाले.

पाटील कागद घराबाहेर काढू देईनात. त्यामुळं नाना दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळच्या एस.टी.नं फुलंब्रीला जायला लागले. पाटलांच्या ओसरीवर बसून शिकस्त्यातला एकेक कागद ते साध्या, स्वच्छ उर्दूत उतरवून काढायचे. संध्याकाळी घरी येऊन ती नक्कल मला वाचून दाखवायचे, अर्थ सांगायचे, मी मराठीत लिहून घ्यायची. शब्दाला शब्द जोडून इतिहास कसा उभा राहतो ते मला त्या दिवसांत कळलं. कुठल्या साली कोणती बारव आटली, कोणाचं इनाम कुणी बळकावलं, कोण अर्ज घेऊन तालुक्याला गेलं, हे सगळं नानांच्या आवाजात माझ्यासमोर यायचं. सरांना माझी टिपणं दाखवली की ते खूश व्हायचे. "शिकस्ता वाचणारी मराठी मुलगी मी दुसरी पाहिली नाही," असं एकदा सगळ्या वर्गासमोर म्हणाले. मी खाली पाहिलं. सगळ्यांना वाटलं, लाजली.

दोन-तीन महिन्यांनी नानांचं डोकं दुखायला लागलं. आई सुंठ उगाळून लावायची. "दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं म्हणतात," ती मला म्हणाली. "चष्म्याचा नंबर बदलला असेल," मी म्हणाले आणि पुस्तकात डोकं घातलं.

एकदा मी त्यांच्याबरोबर फुलंब्रीला गेले. नाना ओसरीच्या अगदी कडेला, पाय खाली सोडून बसले होते, कागद उन्हात धरून. लिहिताना मान वाकडी करून डाव्या डोळ्यानं पाहत होते. पाटलांच्या घरच्या द्वारकाबाईंनी मला चहाच्या निमित्तानं आत बोलावलं.

"पोरी, तुझ्या वडलांना नीट दिसत नाय," त्या म्हणाल्या. "मागच्या मंगळवारी पायरीवरून पडता पडता राह्यले. म्या इच्यारलं, दिसतंय ना वो? तर म्हनले, व्हय, लई झाक दिसतंय. मला नाय खरं वाटलं. डाक्टरला दाखव."

परतीच्या एस.टी.त मी नानांना विचारलं. ते खिडकीबाहेर पाहत होते. "म्हातारपण आहे," म्हणाले. "तुझं काम संपू दे. मग दाखवू."

मला तेच उत्तर हवं होतं. एप्रिलमध्ये प्रबंध द्यायचा होता आणि पेटीत अजून चाळीसेक कागद बाकी होते. मी पुन्हा विचारलं नाही. पुढं आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या, पण त्या एस.टी.तल्या माझ्या गप्प बसण्याएवढी मोठी एकही नाही.

प्रबंध वेळेवर पूर्ण झाला. सुरुवातीच्या ऋणनिर्देशात मी सरांचे, ग्रंथपालांचे, सांडू पाटलांचे आभार मानले. शेवटी लिहिलं, 'आईवडिलांच्या आशीर्वादाशिवाय हे काम झालं नसतं.' नानांचं नाव, त्यांनी केलेलं वाचन, नकला, यातलं काहीच लिहिलं नाही. लिहिलं असतं तर सरांना सांगितलेलं खोटं उघडं पडलं असतं. मी ते पान नानांना वाचून दाखवलं. "छान लिहिलंस," ते म्हणाले. काही वेळानं म्हणाले, "पाटलांचं नाव घातलंस ते फार बरं केलंस."

तोंडी परीक्षा जूनमध्ये होती. त्या दिवशी नाना माझ्याबरोबर आले. एवढ्या उन्हात कशाला, असं आई म्हणत होती, पण त्यांनी ऐकलं नाही. सगळ्या वाटेवर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. मोठ्या मुलीच्या खांद्यावर असा हात ठेवून चालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मला वाटलं, माया उफाळून आली असेल.

नाना बाहेर बाकावर बसले, मी आत गेले. परीक्षक हैदराबादचे होते. पांढरी शेरवानी, मऊ आवाज. त्यांनी प्रबंधावर खूप प्रश्न विचारले आणि मला सगळ्यांची उत्तरं आली. सेलूकर सर माझ्याकडं अभिमानानं पाहत होते. मग परीक्षकांनी आपल्या चामडी पिशवीतून एक जुना कागद काढला.

"बेटी, इम्तिहान तो हो गया," ते हसून म्हणाले. "हा माझ्या आजोबांच्या हातचा कागद आहे. माझ्या विद्यार्थ्यांपैकी कुणालाच वाचता येत नाही. दोन ओळी वाचून दाखवा, माझ्या खुशीसाठी."

मी कागद हातात घेतला. काळ्या शाईच्या रेघा एकमेकींत गुंतलेल्या. त्यातलं एक अलिफ तेवढं ओळखू आलं. पंखा फिरत होता. सर पुढं वाकले. म्हणाले, "वाच ना, कालिंदी."

"मला येत नाही," मी म्हणाले.

परीक्षकांनी प्रबंधाचं शेवटचं पान उघडलं, तिथली कागदांची यादी पाहिली. "मग हे सगळं कुणी वाचलं?"

"माझ्या वडिलांनी."

"त्यांचं नाव कुठं आहे?"

मी पहिलं पान उघडून दाखवू शकले नाही. तिथं आशीर्वाद होता, नाव नव्हतं. सेलूकर सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते एवढंच म्हणाले, "मी तुला विचारलं होतं."

परीक्षक मात्र उठले. "वालिदसाहेब आहेत का शहरात? मला भेटायचंय त्यांना." बाहेरच बसलेत, असं मी म्हटल्यावर ते तो कागद हातात घेऊनच बाहेर आले. नाना गडबडीनं उभे राहिले. परीक्षकांनी त्यांना आदाब केला आणि अदबीनं उर्दूत बोलायला लागले. नाना उत्तर द्यायला लागले आणि मी पाहतच राहिले. इतक्या वर्षांत त्यांना असं ताठ उभं राहून, शब्द निवडून बोलताना मी पाहिलं नव्हतं. परीक्षकांनी कागद पुढं केला. "आपके लिए तो बाएँ हाथ का खेल होगा, जनाब."

नानांनी कागद घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, उन्हाकडं वळवला, मान वाकडी केली. त्यांचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. मग त्यांनी कागदाची घडी जशी होती तशी घातली आणि परत दिला.

"माफ करा," ते म्हणाले. "चष्मा घरी राहिला."

चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता. परीक्षकांनी तो पाहिला, मी पाहिला. परीक्षक म्हणाले, "काही हरकत नाही, पुन्हा कधीतरी," आणि त्यांनी नानांचा हात दोन्ही हातांत धरला.

वाटेत नानांनी विचारलं, "काय झालं आत?" मी सगळं सांगितलं, खोटं काही बोलले नाही. पाणचक्कीपाशी ते सावलीला थांबले.

"चूक माझी," ते म्हणाले. "मी शिकवायला पाहिजे होतं. मला वाचायची इतकी हौस लागली की मीच वाचत बसलो."

"नाना, तुमचे डोळे…"

"गेले," ते म्हणाले. "उजवा दिवाळीतच गेला. डाव्यानं शेवटचे चाळीस कागद निघाले, झालं की."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवलं. काचबिंदू होता. सहा-सात महिने आधी आणलं असतं तर डावा डोळा तरी वाचवता आला असता, असं ते म्हणाले. मी तारीख मोजली. सहा-सात महिन्यांपूर्वी मी फुलंब्रीच्या एस.टी.त बसले होते.

प्रबंध परत आला. वाचन कुणी केलं ते स्पष्ट लिहून पुढच्या वर्षी पुन्हा द्यावा, असा शेरा होता. सेलूकर सर विद्यापीठात दिसले की मान हलवायचे, पण स्वतःहून बोलायचे नाहीत. मी पहिलं पान नव्यानं लिहिलं. लक्ष्मण गोविंद वैजापूरकर, निवृत्त कारकून, असं नानांचं पूर्ण नाव घातलं. दुसऱ्या वर्गात पास झाले. पुढं संशोधन करायचं मनात होतं, पण मार्गदर्शक म्हणून कुणाकडं जायचं हे कळेना. मुलींच्या एका शाळेत इतिहास शिकवायला लागले. नानांना डाव्या डोळ्यानं जे थोडंफार दिसायचं, तेही त्या पावसाळ्यात गेलं.

त्यानंतरच्या मार्चमध्ये हैदराबादहून इंग्रजीत टाइप केलेलं पत्र आलं. त्याच परीक्षकांचं. त्यांच्याकडं शिकस्त्यातले हजारो कागद वाचायचे पडून होते. त्यासाठी त्यांना माणूस हवा होता, आणि डोळ्यांवर एव्हाना इलाज झाला असेल असं धरून, लक्ष्मणराव वैजापूरकरांनी ते काम स्वीकारावं अशी त्यांनी विनंती केली होती. राहण्याची सोय, मानधन, मदतीला एक विद्यार्थी. मी ते ओसरीवर बसून नानांना मराठीत सांगितलं. नानांनी पुन्हा एकदा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना मध्येच थांबवून म्हणाले, "'जाणकार' असं लिहिलंय त्यांनी? नक्की?"

"हो नाना. 'जाणकार विद्वान'."

आई आतून बाहेर येऊन उंबऱ्यावर उभी राहिली. रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली. नाना ती जाईपर्यंत थांबले.

"उत्तर लिही," म्हणाले. "आभार मान त्यांचे. आणि लिही की, आता हे काम माझ्याकडून व्हायचं नाही."

मी लिहायला घेतलं. इंग्रजीत ते एकच वाक्य होतं, पण मला ते पूर्ण करायला फार वेळ लागला.

"लिहिलंस?" नानांनी दोनदा विचारलं.