सगळ्या एकोणीसच्या

सोनलने लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि पडद्यावर बोट ठेवलं. "नीताताई, हे बघा. बाकीचे सगळे ठिपके रेषेला धरून आहेत. आणि हे अकरा सरळ खाली."

जव्हारला माझ्या घरी, पोह्यांच्या बशा बाजूला सारून आम्ही बसलो होतो. सोनल पुण्याची, पीएचडी करणारी मुलगी. मी चौतीस वर्षं मोखाडा तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर नर्स होते. रिटायर झाल्यावर घरी बसून सुनेच्या आमटीला नावं ठेवत होते, तेवढ्यात हिचं काम आलं. तिला पाड्यांवरच्या लोकांचं रक्त हवं होतं, आणि ओळखीच्या बाईशिवाय इथे कोण सुई टोचून घेतंय.

काम काय आहे ते मला आधी कळलंच नव्हतं, खोटं कशाला बोलू. मग तिने नीट समजावलं. धडधाकट माणसाच्या पेशींतसुद्धा जन्मल्यापासून बारीक बारीक बदल होत राहतात. एका पेशीच्या दोन होताना आतला सगळा मजकूर उतरवला जातो आणि उतरवताना कुठे एखादं अक्षर चुकतं. बहुतेकांनी काही बिघडत नाही, पण ते पुसलेही जात नाहीत. रक्त तयार करणाऱ्या पेशींत वर्षाला साधारण पंधरा-वीस जमा होतात. आजार असो नसो, म्हातारपणापर्यंत साठत जातात. वय आणि हे आकडे मांडले की रेष चढत जाते. माझ्यात हजारावर असतील म्हणाली. एवढं सामान घेऊन मी पोशेऱ्याचा चढ चढते तर, असं मी म्हटल्यावर पोरगी खूप हसली होती.

ते अकरा ठिपके चाळीस ते पन्नासमधल्या बायकांचे होते. सगळ्या माझ्या उपकेंद्राच्या. एखादीचं कमी-जास्त निघतंच, सोनल सांगत होती, पण अकराच्या अकरा? त्यांचं रक्त चार-पाच वर्षांनी तरुण दिसतंय. नाचणीमुळे असेल, डोंगरातल्या राहणीमुळे असेल. तिने सरांना कळवलंही होतं. पुढच्या महिन्यात परिषदेत मांडू म्हणाले होते. सांगताना तिचे डोळे नुसते चमकत होते.

"वयं पक्की आहेत ना?" तिने विचारलं. "आधार बघितलंय, आणि ज्यांच्याकडे होतं त्यांचं जुनं बाळंतपणाचं कार्ड. कार्डावर सही तुमचीच आहे, म्हणून मी निर्धास्त आहे."

"पक्की आहेत," मी म्हणाले. बिनदिक्कत म्हणाले. आणि चहा टाकते म्हणून आत निघून गेले.

आता सांगायलाच हवं. माझ्या रजिस्टरात एकोणीसच्या खालची आई नव्हतीच. आमच्याकडे पोरी चौदाव्या-पंधराव्या वर्षी नांदायला जायच्या आणि वर्षभरात माझ्या टेबलावर यायच्या. खरं वय लिहिलं की वरून खुलासा मागायचे, मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं करून झापायचे, जणू लग्नं मीच लावली. सुरुवातीला दोन वेळा उभी राहिले. मग शहाणी झाले. अठरा लिहिलं तर मुद्दाम लिहिल्यासारखं दिसतं, म्हणून एकोणीस. एक वर्ष माझ्या केंद्राचा सत्कारही झाला, बालमाता शून्य म्हणून. नारळ आणि शाल घेऊन मी ऐटीत घरी आले होते. पुढे मतदार यादीवाले आले, रेशनवाले आले, आधारवाले आले. सगळ्यांनी बायकांना विचारलं, वय काय, आणि बायकांनी माझं कार्ड पुढे केलं.

दुसऱ्या दिवशी खात्रीसाठी त्या अकराजणींचं पुन्हा रक्त घ्यायला जायचं ठरलं. सुरुवात त्यांतल्या सरूपासून. जीपमध्ये दोन तास मी सोनलच्या शेजारी बसले होते. ती नाचणीच्या भाकरीची कृती विचारत होती आणि मी सांगत होते. पिठाची उकड काढून घ्यायची, हे सांगता आलं. दुसरं काही तोंडातून निघालं नाही. शरम वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती. साठी ओलांडली तरी मीटिंगमध्ये उभं राहण्याची भीती जात नाही बघा.

सरूच्या पाड्यात निम्म्या घरांना कुडाची दारं लावलेली होती. माणसं वीटभट्टीवर गेलेली. सरूचा नवराही दुसऱ्या बायकोला आणि तिच्या पोरांना घेऊन भिवंडीकडे गेला होता. सरू मागे राहिली होती म्हातारीला सांभाळायला. म्हातारी म्हणजे सासू, धोंडीबाई. अंगणात उन्हाला गोधडीवर बसली होती. ज्या बाईने सवत आणली तिचंच न्हाणं-खाणं सरू करत होती, आणि मला त्याचं नेहमी कौतुक वाटायचं. मी ते चारचौघांत बोलूनही दाखवायची.

सरूने बाही वर केली. सोनलने हातमोजे चढवता चढवता तिला सांगून टाकलं, की तुमचं रक्त फार चांगलं आहे, वयाच्या मानाने पाच वर्षांनी तरुण आहे, म्हणून आम्ही मुद्दाम परत आलो.

सरू माझ्याकडे बघून हसली. इथे सगळे मला 'तू'च म्हणतात, तीही म्हणते. "बाय, तू हिला सांगलं नाय का? माज्या अंगात खोट हाय. चांगलं रगत असतं तं माजी पोर मेली असती का?"

ती सोनलला साध्या आवाजात सांगायला लागली. पहिली मुलगी झाली, चौथ्या दिवशी गेली. पुढे दिवस राहिलेच नाहीत. तेव्हा सासूने मी लिहिलेलं कार्ड मास्तरांकडून वाचून घेतलं होतं. कार्डावर एकोणीस. म्हणजे उमर भरलेली बाई, कवळी पोर नाही, तरी मूल जगलं नाही, म्हणजे हिच्या अंगातच खोट. सगळा पाडा ते ऐकायला बसला होता. मग दुसरी आणली. सरूलाही ते पटलं होतं. नर्सबाईने लिहिलेलं खोटं कसं असेल.

मला हे माहीत नव्हतं. सव्वीस वर्षं त्या पाड्यावर जात होते, तिच्या हातचं पाणी पीत होते, आणि माझं कार्ड तिच्यावर असं फिरवलं गेलं हे मला माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं ना कधी. विचारायची मला हिंमत नव्हती, कारण बाकीचं सगळं मला माहीत होतं.

तिची आई तिला घेऊन आली होती तो दिवस मला लख्ख आठवतो. कधीची पोर, असं विचारल्यावर आई म्हणाली, शाळेची पक्की खोली बांधली त्या पावसाळ्यातली. खोलीच्या भिंतीवर साल कोरलेलं आहे, चौऱ्याऐंशी. मी बोटांवर मोजलं. चौदा आले. आणि कार्डावर एकोणीस लिहिलं. चौदा लिहिलं असतं तर जोखमीची म्हणून तिला महिनाभर आधी मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागलं असतं. ती माझ्याकडेच बाळंत झाली, दीड दिवस अडून. मुलगी दीड किलोची होती. कपाळ माझं, ती गेल्याच्या नोंदीतही मी आईचं वय एकोणीसच लिहिलं.

सोनलने सरूच्या दंडाला पट्टी बांधली होती. मी तिचा हात धरला आणि पट्टी सोडली.

"परत रक्त नको घेऊस. तुझी रेष बरोबर आहे. वय चुकलंय. हिचं आणि बाकी दहा जणींचंही. मी लिहिलंय चुकीचं, मुद्दाम." मग सरूकडे वळले. तिच्याकडे बघवत नव्हतं, पण बघितलं. "सरू, तू तेव्हा चौदा वर्षांची होतीस. तुझ्या अंगात काही खोट नव्हती. तू लहान होतीस ग. मला ठाऊक होतं."

सोनल सुई झाकून पेटीत ठेवत राहिली. ती मला काहीतरी बोलली असती तर बरं झालं असतं.

सरू आपल्या दंडावरचा पट्टीचा वळ चोळत बसली. मला वाटलं रडेल, शिव्या देईल. मी तयार होते, मला तेच हवं होतं. ती म्हणाली, "चवदा."

"हो."

"मंजे पोरच व्हती मी."

"हो."

तिने मान हलवली. मग हनुवटीने अंगणातल्या धोंडीबाईकडे खूण केली. "हिला सांग."

मी उठले. म्हातारीला ऐकू येत नाही, म्हणून गुडघे टेकून तिच्या कानाशी तोंड नेलं.

"कानात नको," सरू मागून म्हणाली. "तवा कानात नव्हतं सांगलं कोनी. उबी ऱ्हा नि मोठ्यानं सांग."

मी उभी राहिले. हातपंपावर दोघी-तिघी हंडे घेऊन उभ्या होत्या, समोरच्या ओट्यावर एक म्हातारा दोरी वळत बसला होता. मी पदर सारखा केला आणि मोठ्याने सांगितलं, की सरू तेव्हा चौदा वर्षांची होती, एकोणीस मी खोटं लिहिलं. पंपाचा आवाज थांबला. धोंडीबाईने कानामागे हात धरला आणि विचारलं, काय म्हणते?

"परत सांग," सरू म्हणाली.

मी परत सांगितलं.